पापणीची काडी

अख्ख्या मुंबईत परक्या बायकांच्या पापण्यांकडे इतकं निरखून बघून एकदाही मार न खाल्लेला पुरुष एकच असेल, आणि तो माझा मेव्हणा. आमच्या हिचा धाकटा भाऊ. लोकांना लग्नात सासरकडून भांडी मिळतात, घड्याळ मिळतं. मला हा मिळाला. सासूबाई वारल्यावर एक ट्रंक आणि एक जुना मायक्रोस्कोप घेऊन लालबागच्या आमच्या खोलीत चार दिवस राहायला म्हणून आला, तो अजून गेलेला नाही. ही गेली, तो आहे. हिला जाऊन वर्ष होईल आता. साड्या भाच्यांना दिल्या, मंगळसूत्र मुलीकडे गेलं, भिंतीवरच्या फोटोत चष्मा एवढा चमकलाय की डोळेच दिसत नाहीत. तिची खरीखुरी म्हणावी अशी एकच वस्तू उरली होती, आणि ती ह्याच्या ट्रंकेत. ती मागावी की नाही, ह्यातच माझे कितीतरी महिने गेले. ती वस्तू काय, हे कळायला आधी हा माणूस कळायला हवा.

मी चौथी शिकलेला गिरणी कामगार, साच्यावर कापड विणण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. पण त्याचा जीव कॉलेजात नव्हता, खाडीच्या चिखलातल्या किड्यांत होता. दोऱ्याच्या तुटक्या टोकासारखे असतात, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. पुस्तकात त्यांना सूत्रकृमी म्हणतात. मी जंत म्हणतो. मी जंत म्हटलं की ह्याचा घास हातातच राहायचा. "भावोजी, जंत वेगळे. हे कोणाच्या पोटात राहत नाहीत. कोणाचं आयतं खात नाहीत. चिखलात मोकळे राहतात, आपलं आपण मिळवून खातात." "म्हणजे तुझ्यासारखे नाहीत," मी म्हणालो. हिने मला पळी दाखवली. हा मात्र खूश! "अगदी बरोबर! माझ्यापेक्षा कितीतरी स्वावलंबी!" असल्या माणसाला टोमणा मारून उपयोग काय? दगडावर पाणी ओतलं तर निदान दगड ओला तरी होतो.

रेशनची साखर घरात आली की पहिला हक्क त्याच्या चिखलाचा. साखरेच्या पाण्यात चिखल ढवळला की गाळ खाली बसतो आणि जंत वर तरंगतात, असं त्याचं शास्त्र. म्हणजे आम्ही बिनसाखरेचा चहा पिणार आणि जंत सरबतात पोहणार. मग त्यांना नीट दिसावेत म्हणून गुलाबी रंग. एकदा ते रंगाचं पाणी त्याने मोरीत ओतलं आणि खालच्या मजल्यावर पाईप फुटलेला होता. तिथल्या म्हातारीचे वाळत घातलेले पांढरे परकर गुलाबी झाले. म्हातारी भांडायला वर आली, तर ह्याने तिला खुर्ची दिली, मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला आणि तासभर सोडलं नाही. जाताना ती हिला म्हणाली, "बाई गं, परकराचं राहू दे. पण भावाचं लग्न करून टाक."

लग्नाचं बघितलं नाही असं नाही. गिरगावात एका जुन्या, नोकरदार घरात आम्ही मुलगी बघायला गेलो. पोहे झाले, पगार झाला, गोत्र झालं. ही मुलीशी गोड बोलत होती. मुलीच्या वडिलांनी ह्याला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" हा इतका वेळ मुलीच्या तोंडाकडे टक लावून बसला होता, आणि माझ्या मनात, चला, गाडी रुळावर आली. तर हा म्हणाला, "तुमच्या पापण्या फार चांगल्या आहेत. एखादा केस गळला तर ठेवाल का माझ्यासाठी?" वडील उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. मुलगी तेवढी खो खो हसत होती. जिना उतरताना हा मला विचारतो, "काय चुकलं, भावोजी?"

आता त्याची बाजू सांगतो, नाहीतर तुम्ही त्याला भलताच समजाल. असला बारीक जीव चिखलातून एकटा उचलायचा कशाने? चिमट्यात चेंगरतो, सुईने फाटतो. त्याला लागतो पापणीचा केस. संपलेल्या उदबत्तीच्या काडीला तो नेलपॉलिशने चिकटवायचा, त्याचं टोक जंताच्या पोटाखाली सरकवायचं आणि अलगद वर घ्यायचं. ह्या नेलपॉलिशपायी तो दारोदार बायकांकडे जायचा, ती वेगळीच गोष्ट. पण केस सगळ्यांचा चालत नाही. आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांच्या पापण्या आणि भुवया त्याने तपासल्या. माझा केस लावून बघितला आणि हळहळला, "भावोजी, ही पहार आहे. गेला बिचारा." लहान मुलांचा केस पाण्यात लोळतो. पसंत पडला तो एकट्या हिचा. ताठ, पण टोकाला वळलेला; धरणारा, पण न टोचणारा. "ताईची पापणी म्हणजे ताईचाच स्वभाव," असं तो म्हणायचा. त्याने इतर बायकांकडे बघायचं सोडलं नाही, पण तशी दुसरी पापणी त्याला कधी मिळाली नाही.

मग संप आला. साचे बंद, भोंगा बंद. सकाळी उठून जायचं कुठे ते कळेना. मी दिवसभर गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरायचो. सभेला जायचो आणि तिथून आणखी चिडून यायचो. घर ह्याच्या पगारावर चाललेलं, ते आणखी डाचायचं. एक दिवस ओहोटीची वेळ बघून ह्याने माझ्या हातात बादली दिली. "चला भावोजी, चिखल आणू." शिवडीला तिवरांच्या कडेने आम्ही गुडघाभर रुतलो. माझी एक चप्पल त्या गाळाने घेतली ती घेतलीच. जवळच एक कोळीण पाटी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काय रं, चिखलान काय शोधतंस? निवट्या तरी पकर, कालवन होल." चिखलात उड्या मारणारे ते मासे, चांगले लागतात म्हणे. हा तिला म्हणाला, "मावशी, निवट्या मोठ्या असतात हो." ती पाटी खाली ठेवून हसली. मीही हसलो. संपात मी पहिल्यांदा हसलो तो तिथे, एका पायात चप्पल घालून. घरी येऊन त्याने मला मायक्रोस्कोप दाखवला. पाण्यात एक पांढरा धागा वळवळत होता. साचे बंद पडल्यापासून चालता धागा मी बघितला नव्हता. खूप वेळ बघितला. त्यानंतर बादली माझ्याकडेच आली.

त्याच दिवसांत कधीतरी ही पोळ्या लाटत होती आणि तिच्या गालावर पापणीचा केस पडला. बायकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. केस मुठीवर ठेवायचा, डोळे मिटून मनात मागायचं आणि फुंकर मारायची. उडाला तर मागणं पावलं. हिने डोळे मिटले. संपाच्या घरात बाई काय मागणार, ते मला कळत होतं. मी पण हात जोडल्यासारखा बसलो. फुंकर निघणार, तेवढ्यात हा पलीकडून ओरडला, "ताई, फुंकू नकोस!" हिने एक डोळा उघडला. "रे मेल्या, फुकूक तरी दी!" "फुंकरीने काही होत नाही गं. मला दे, माझं काम होईल." आणि तिने दिला. भावासमोर ती नेहमी तशीच विरघळायची. माझी गिरणी काही पुन्हा उघडली नाही. पुढे मी वॉचमन झालो, खुर्चीवर बसून म्हातारा झालो, पण जेव्हा जेव्हा ह्याच्यावर चिडलो तेव्हा तेव्हा ऐकवलं, "त्या दिवशी हिला फुंकू दिलं असतंस, तर गिरणी चालू झाली असती!" हा मान खाली घालून म्हणायचा, "असेल, भावोजी."

ती होती तोवर गळलेला प्रत्येक केस ह्याच्या ट्रंकेतल्या काडेपेटीत जायचा. काड्या मोडायच्या, नव्या व्हायच्या. ती गेल्यावर पेटीत नवा केस पडायचा थांबला. आता शिवडीला गुलाबी पक्षी बघायला गर्दी होते. सगळे मोठमोठे कॅमेरे वर करून उभे, आणि आमचा म्हातारा त्यांच्याकडे पाठ करून चिखल भरतो. मी बादली धरतो आणि मनात मोजतो, आणखी किती दिवस पुरणार हिची पापणी.

परवा सकाळी तो खिडकीशी बसला होता. म्हणाला, "भावोजी, काडी मोडली. शेवटची." मग ट्रंकेतून एक वेगळी काडेपेटी काढून माझ्यासमोर ठेवली. कापसावर एकच केस. "हा संपातला. तेव्हा घेतला, पण वापरला नाही कधी."

"का? फुंकरीने काही होत नाही म्हणणारा तू."

"होत नाहीच. पण ताईचं मागणं होतं त्याच्यावर. मी मध्येच अडवलं." तो चष्मा पुसत बसला. "तुम्हाला हवा असेल तर तुम्ही ठेवा. हक्क तुमचा. नको असेल तर विचारतो, वापरू का?"

इतके महिने जे मागायला जीभ वळत नव्हती, ते समोर आलं होतं. मी म्हणालो, "गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला. मागणं आता कोणाला पावणार?"

"गिरणीचं नव्हतं मागणं."

"मग कसलं?"

"मी विचारलं होतं तिला. म्हणाली, सांगितलं तर खरं होत नाही. गिरणीचं नाही, एवढंच म्हणाली."

"आणि इतकी वर्षं मी तुला गिरणीवरून बोलत होतो, ते ऐकून घेतलंस?"

"तुम्हाला बरं वाटायचं ना बोलून."

मी केस मुठीवर घेतला. तोंड जवळ नेलं. पण मागणं तिचं आणि फुंकर माझी, हे मनाला पटेना. परत पेटीत ठेवून तरी काय करायचं? हिला रिकामी बसलेली मी कधी बघितली नाही. दुखण्यातही अंथरुणावर लसूण सोलायची.

"चिकटव," मी म्हणालो.

"कशाला?"

"काडीला, गाढवा! कशाला म्हणजे?"

तिच्या फोटोपुढची विझलेली उदबत्ती मीच आणून दिली. त्याने केस चिकटवला, सुकू दिला आणि मला खुर्चीवर बसवलं. मी डोळा लावला. आधी नुसता उजेड होता. मग एका बाजूने हिची पापणी आली, कळकाएवढी जाड, काळी, टोकाला तशीच वळलेली. एक पांढरा धागा वळवळत होता, त्याच्या पोटाखाली ती हळूच शिरली. तो तिला बिलगला. तिने त्याला उचललं, झोपलेलं पोर उचलावं तसं. मेव्हणा कानाशी विचारत होता, "दिसतेय का, भावोजी?" मी श्वास धरून बसलो होतो, चुकून फुंकर लागू नये म्हणून.