बारवेचं पाणी आणि आमचे तीन विषय

इंटर सायन्सची परीक्षा देऊन मी अमरावतीहून वाशीमला घरी आलो, त्या उन्हाळ्यात मला एका जागी बसवत नव्हतं. पुढे गणित घ्यायचं, रसायन घ्यायचं, की सायन्स सोडून इतिहासाला जायचं, ते जूनच्या आत ठरवायचं होतं. गावाबाहेर आमचा भाजीचा मळा. वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडायला घेतलं की मी मधेच उठायचो, पुस्तक उघडायचो, तेही मिटायचो.

"तुयं मन कुठंच लागून नाई राह्यलं," वडील एकदा म्हणाले. "चार पुस्तकं घेऊन बसतं अन् एकही वाचत नाई."

तशात वहिनीच्या माहेरून निरोप आला. दर उन्हाळ्यासारखी ती महिनाभर माहेरी होती, अनसिंगच्या वाटेवरच्या एका खेड्यात. तिच्या पायाला नारू झाला होता. दादाला मळा सोडता येईना, म्हणून मी निघालो. माझ्याबरोबर दोन मित्र आले. एक मंगरूळपीरचा, नागपूरला डॉक्टरकी शिकणारा. दुसरा वाशीमच्या वकिलांचा मुलगा, इतिहास घेऊन बी.ए. करत होता. तेही सुट्टीला कंटाळले होते.

वहिनी ओसरीवर पाय लांब करून बसली होती. घोट्याजवळचा फोड फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर आला होता. तिच्या आईने तो काडीला गुंडाळून ठेवला होता. रोज थोडा थोडा ओढायचा; तुटला तर पाय सुजतो.

"आग होते का?" डॉक्टरने विचारलं. त्याला आम्ही तेव्हापासूनच डॉक्टर म्हणायचो.

"लई होते. बारवेत पाय बुडवला की बरं वाटते," वहिनी म्हणाली.

डॉक्टरचा चेहरा पडला. त्याने सांगितलं, पाय पाण्यात बुडवला की नारूची पिल्लं पाण्यात सुटतात, त्यांना पाण्यातले बारीक किडे गिळतात, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षाने नारू निघतो. वहिनीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग पाणी कुठून प्यावं भाऊ? गावात दुसरी हीरच नाई."

आम्ही बारव पाहायला गेलो. चारी बाजूंनी पायऱ्या, तळाला हिरवट पाणी. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत होत्या. माझ्याजवळ भिंग होतं. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन मी उन्हात धरलं, तर पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसले. घरी आणून वहिनीला दाखवलं. तिने पुष्कळ वेळ पाहिलं.

"हे आपण पेतो?" एवढंच ती म्हणाली. मग लुगड्याचं जुनं धडपं चौपदरी करून तिने घागरीच्या तोंडाला बांधलं.

पण मला तेवढ्याने चैन पडेना. कोणी पाण्यात उतरलंच नाही, तर मूळच खुंटेल. मी काठावर दोन लाकडं रोवून आडवी बल्ली टाकायची आणि तिला कप्पी बांधायची असं ठरवलं. भार किती, दोर किती जाड, सगळं गणित मांडलं. वहिनीच्या भावाने लाकडं दिली, कप्पी मी वाशीमहून आणली. दोन दिवसांत काम उभं राहिलं. माझा हात दोरावरून निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या, कप्पीकडे पाहिलं आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मी चिडलो. "काहून? वरून सोपं नाई का?"

त्या घागरी भरून घराकडे वळल्या. इतिहासवाला मित्र मात्र गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलत फिरत होता. संध्याकाळी तो येऊन माझ्याशेजारी बसला.

"चारही बाजूंना पायऱ्या आहेत, त्या शोभेसाठी नाहीत," तो म्हणाला. "कोणत्या घरांनी कोणत्या बाजूने उतरायचं ते ठरलेलं आहे. आणि गावकुसाबाहेरच्यांनी उतरायचंच नाही, कोणी ओतेल तेव्हा घ्यायचं. तू सगळ्यांसाठी एकच दोर लावलास."

डॉक्टर म्हणाला, "मग चार कप्प्या लाव."

"अन् पाचवी कोणासाठी?" इतिहासवाल्याने विचारलं.

मला तिथून उठून कुठंतरी चालत सुटावंसं वाटत होतं. मी पुन्हा पुन्हा उठलो आणि पुन्हा बसलो. इतिहासवाल्याने गावच्या पाटलांकडे पाचव्या कप्पीची गोष्ट काढून पाहिली. पाटील गोड बोलले, चहा दिला आणि म्हणाले, "पोराहो, तुमी पावणे. पावण्यासारखे ऱ्हा." तिसऱ्या दिवशी दोर कापलेला सापडला. कोणी कापला ते कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

वहिनीचा नारू पुरता निघाल्यावर मी तिला छकड्यातून घरी आणलं. तिच्या माहेरी धडप्याने पाणी गाळणं पुढे चालू राहिलं, शेजारच्या काही घरांनीही ते उचललं. पायऱ्या तशाच राहिल्या.

जूनमध्ये मी अमरावतीला कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे उभा राहिलो. मला पदार्थविज्ञान हवं होतं, इतिहास हवा होता, आणि जमलं तर जीवशास्त्राचे तासही.

"तुम्हाला नक्की काय व्हायचंय?" त्यांनी विचारलं.

मी बारवेची हकिकत सांगितली. त्यांनी ती पुरती ऐकली. नंतर म्हणाले, "गोष्ट खरी आहे. पण युनिव्हर्सिटीत तिची परीक्षा नाही. एक बाजू निवडा."

मी सायन्स निवडलं. इतिहासाच्या सरांनी मागच्या बाकावर बसायची मुभा दिली, तसा वर्षभर बसलो. त्यासाठी प्रयोगशाळेतले तास बुडाले, बी.एस्सी. तिसऱ्या वर्गात सुटलो. वडिलांनी निकाल ऐकून फक्त "पास हायेस ना?" असं विचारलं. पुढे मंगरूळपीरच्या शाळेत मास्तर झालो. वर्गात गणित शिकवताना मी मधेच भलतीकडे जातो, अशी माझ्याबद्दल तक्रार असे. ती खोटी नव्हती.