खांदा उतरवणं

“पंचवीस पुरी झाली की ये, मीच वाढीन तुला,” हैबती एकदा पुतण्याला म्हणाला होता.

पुतण्या स्वराज तेव्हा अठराचा होता आणि मित्रांना घेऊन महाडच्या एका परमिट रूमच्या दारात उभा होता. हैबती त्या दारात बसतो. उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या धनगरवाडीतून तो तरुणपणी खाली उतरला. आधी ग्लास धुतले, मग टेबलं सांभाळली. पुढं हायवेवरच्या एका बारचा परवाना कोवळ्या पोरांना पाजल्यामुळं गेला, तेव्हा मालक राजेंद्रशेठनं घाबरून हैबतीला दारात बसवलं. ओठावर मिसरूड नुसती उमटलेली दिसली की वय विचारायचं, कार्ड बघायचं आणि परत पाठवायचं.

पोरं हुज्जत घालतात. अठराला मत देता येतं, एकविसाला लग्न करता येतं, मग प्यायलाच पंचवीस का? हैबती त्यांना आपल्या बापाची, नाथूची गोष्ट सांगतो. नाथूच्या तरुणपणी राज्यात सगळ्यांनाच बंदी होती, वय विचारायचं कारणच नव्हतं. नाथूनं गुळाची हातभट्टी लावली आणि पोलिसांनी मडकी फोडली. नंतर सरकार थोडं सैल झालं. औषध म्हणून लागते असं डॉक्टरनं लिहून दिलं, तर पिकल्या वयाच्या माणसाला परवाना मिळू लागला. मग वयाची अट हळूहळू खाली आली आणि पंचविसावर थांबली, बिअरला एकवीस. ती तिथंच का थांबली, हे हैबतीला माहीत नाही. पण थांबली याचं त्याला बरं वाटतं.

कारण वाडीत ती कुठंच थांबत नाही. वाडीला रस्ता नाही. आजारी माणूस असो की मयत, बांबूला घोंगडी बांधून डोली करायची आणि उतारावरून खांद्यावर न्यायची. ज्यानं मयताला खांदा दिला, त्याला त्या घरच्या थोरल्यानं आपल्या हातानं पेला भरून द्यायचा. तोवर खांदा उतरत नाही, मेलेलं माणूस खांद्यावरच राहतं, असं वाडी मानते. आणि ज्याला पेला मिळाला तो गडी. त्याचं वय मग कुणी काढत नाही.

हैबतीचा धाकटा भाऊ चंदू असाच पंधराव्या वर्षी गडी झाला. त्या दिवशी तो ताठ मानेनं हिंडला. त्याची मान पुन्हा तशी ताठ कुणी पाहिली नाही. तो पीत गेला, शेळ्या विकत गेला, आणि एका सकाळी ओढ्यात पालथा सापडला. मागं राहिला स्वराज.

यंदा श्रावणात चिमाबाई, हैबतीची आई, वाडीवर अंथरुणाला खिळली. चौघांनी डोलीतून तिला खाली आणलं. दवाखान्यात ती दोन रात्री टिकली. तेवढ्यात पायवाट दरडीखाली गेली, एकटा गडी कसाबसा चढेल पण डोली जाईना, त्यामुळं तिला महाडलाच सावित्री नदीच्या काठी अग्नी दिला. तिथंही खांदा त्याच चौघांचा होता. त्यांतला एक स्वराज, आता बावीस वर्षांचा.

संध्याकाळी अंघोळी करून चौघे परमिट रूममध्ये आले. वर चढण्याआधी खांदा उतरायला हवा होता. राजेंद्रशेठनं स्वतः बाटली काढून हैबतीच्या हातात दिली. चार ग्लास मांडले गेले. हैबतीनं तीन भरले. चौथ्यापाशी त्याचा हात अडला.

चांगू, वाडीतला सगळ्यांत वयस्क खांदेकरी, हसला. “दात बघ की त्याचं. म्हशीचं बघतो तसं. पुरं आलेत.”

“कायदा हाय,” हैबती म्हणाला. “पंचवीस.”

“म्हातारीला उतारावरनं आणताना कायदा कुठं व्हता रे?”

राजेंद्रशेठ काउंटरमागून उठला. तो कधी आवाज चढवत नाही. त्यानं शटर अर्धं ओढलं, दिवा बारीक केला आणि पाठ वळवली.

“हैबती, आजचा दिवस कोण काय विचारत नाय. ओत. मी बघितलं नाय.”

आता कायदा उरला नव्हता. इतकी वर्षं हैबती ज्याच्या आड उभा होता ती भिंत मालकानं सहज बाजूला केली होती, आणि मागं फक्त तो होता, हातात बाटली घेऊन. चांगू आणि बाकीचे दोघे ग्लासांना हात न लावता थांबले होते. चौथा भरल्याशिवाय ते पिणार नव्हते.

स्वराज खाली बघत होता. शर्टाच्या कॉलरपाशी बांबूनं सोललेली कातडी दिसत होती.

“काका,” तो हळू म्हणाला, “मला प्यायची हौस नाय. पन आजी हितं हाय अजून.” त्यानं उजव्या खांद्याकडं मान केली. “वर जाऊन मी काय सांगू? तुम्ही उतरवलाच नाय?”

हैबतीनं बाटली टेबलावर ठेवली. तो स्वराजच्या मागं गेला आणि त्या खांद्यावर त्यानं तळहात ठेवला. पोर दुखण्यानं आक्रसलं, पण हललं नाही. हैबतीनं हात दाबून धरला, बराच वेळ. मग खांद्यावरून कोपरापर्यंत, कोपरावरून बोटांपर्यंत, अंगावरची माती निपटावी तसा खाली ओढत आणला आणि फरशीवर झटकला. असं वाडीत कधी कुणी केलं नव्हतं.



हैबतीनं बाटलीला झाकण लावलं. चौथा ग्लास उलटा केला, आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर निघून गेला.