मगाशी येऊन गेलेली मुलगी

भुतंखेतं, भास, अंगात येणं — यातलं मी काहीही मानत नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर मीच त्याला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं असतं. पण हे माझ्याच बाबतीत घडलं... आणि तेही भर दिवसा, अख्ख्या वर्गासमोर.

१९८१ चा हिवाळा. मी पुण्यात एस.वाय.ला होते, इतिहास घेऊन. आमच्या सरांनी महाराष्ट्रातल्या ज्यू लोकांवर प्रोजेक्ट काढला होता. मुळशीला धरणाच्या वरच्या अंगाला एक जुनी ज्यू कबर आहे असं त्यांना कळलं, म्हणून आम्ही वीसेक मुलं-मुली एसटीने निघालो. पौड सोडल्यावर सर सांगू लागले — हे बेने इस्राएल, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.

“सर, मग आपणही शनिवार तेली होऊया. शनिवारची लेक्चर्स बंद!” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले. जरा जास्तच मोठ्याने.

कारण त्या गाडीत एक शनिवार तेली बसलेली होती, आणि ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आडनाव ‘कर’वालं, बोलणं पुणेरी, कागदोपत्री नाव रेखा. घरी मात्र मी रिवका. शाळेत एकदा खरं सांगितलं होतं, तर वर्षभर तेच — म्हणजे ख्रिश्चन का गं? मग इस्रायलला कधी जाणार? तेव्हापासून ठरवलं होतं, नकोच.

मुळशीला उतरून आम्ही चढ चढून गेलो. वर एक घर होतं. अंगणात एक म्हाताऱ्या बाई नाचणी पाखडत होत्या. सरांनी कबरीबद्दल विचारलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि थेट माझ्याकडे बोट केलं.

“ह्या पोरीला इचारा की. मगाशी तिलाच दावलीया म्या.”

“मला?” मी म्हणाले. “मावशी, आम्ही आत्ताच एसटीतून उतरलो.”

“मी काय आंधळी हाय व्हय? तांब्याभर पानी पिलीस हितं बसून.” त्यांनी उठून माझं मनगट धरलं. लहानपणी इस्त्रीचा चटका बसला होता, त्याचा डाग होता तिथे. “ह्यो बघा. ह्यो डाग बी व्हता.”

सर हसून म्हणाले, “मावशी, ही सकाळपासून आमच्याबरोबरच आहे.”

“मंग रिबका कोन?”

रिबका, म्हणजे रिवकाच! घराबाहेर हे नाव कुणी उच्चारलेलं मी ऐकलंच नव्हतं.

“तूच म्हनलीस न्हवं? मावशे, मी शनवार तेल्याची, रिबका. आमचं मानूस हितं पुरलंय, मला दाव.”

मागे खसखस पिकली. “रेखा, तू तेलीण कधी झालीस गं?”

“मी नाही ती!” मी हात सोडवून घेतला. “मी हिंदू आहे. तुमची काहीतरी गडबड होतेय.”

बाईंनी सूप पुन्हा उचललं. मग हळूच म्हणाल्या, “बरं बाई. न्हाईस तू. पर ती पोर लई गुनाची व्हती.”

कबर घरामागेच होती. काळा दगड, वर झिजलेली हिब्रू अक्षरं. आजूबाजूला सगळा फुफाटा, पण दगड ओल्या फडक्याने पुसलेला, अजून दमट. आणि त्यावर सबजाच्या ताज्या काड्या. वडील गेले तेव्हा आईने त्यांच्या अंगावर असाच सबजा ठेवला होता... तो वास मी कसा विसरेन?

“कुणाला यातलं काही वाचता येतंय?” सरांनी सहज विचारलं.

मला येत होतं. वडिलांनी मांडीवर बसवून शिकवलं होतं. मी खाली बघून चपलेतला खडा काढत राहिले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मुळशीत आपलं कधी कुणी नव्हतं, माझ्या वयाची नात्यातली मुलगीही आता भारतात उरली नव्हती. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, “दगडापाशी शेमाची प्रार्थना तरी म्हटलीस?”

मी नकारार्थी मान हलवली. पुढच्या आठवड्यात ती मला घेऊन पुन्हा तिथे गेली. मी ठरवलं होतं, आधी त्या मावशींची माफी मागायची. पण मला लांबूनच बघून त्यांचा चेहरा फुलला.

“आलीस व्हय रिबका? आईला बी आनलंस? ये, बस.” पाणी देता देता त्या म्हणाल्या, “त्या दिशी तू गेलीस आन मागनं कालेजची पोरं आली. त्यात एक पोरगी हुबेहूब तुझ्यावानी. मी आपली तूच समजून बोलाया गेले, तर अशी भेदरली! म्हनली, मी न्हाई त्यातली. कुनाचं भ्या घातलंवतं तिला, काय म्हाईत.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या तोंडाला लावला.

नजरचूक म्हणावी, तर नाव कुठून आलं? डाग कुठून आला? सकाळच्या पहिल्या गाडीने तर आम्हीच आलो होतो. आदल्या रात्री कुणी मुक्कामाला असेल म्हणावं, तर गावात कुणालाच तशी मुलगी दिसली नव्हती. इतकी वर्षं विचार करतेय, उत्तर नाही. आधी येऊन गेलेली ती मुलगी कोण होती, मला माहीत नाही. नंतर आलेली कोण होती ते मला माहीत होतं... आणि तेसुद्धा मी त्या मावशींना सांगू शकले नाही.