नखाएवढी सवत

माझी सवत नखाएवढी आहे. अंगानं पापडाहून पातळ, रंगानं उकडलेल्या शेंगेच्या टरफलासारखी. राहते कोकणात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडांच्या पोटाशी. शास्त्रात तिला सागरी चपटा कृमी म्हणतात. मी तिला काय म्हणते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमचे हे धाराशिवच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. समुद्र इथून केवढा लांब! पण यांचा जीव जडला तो या कृमींच्या एका अशा प्रजातीवर, जिची खबर जगात मूठभर लोकांना असेल. मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेला येते, त्यामुळं सुट्टीत अमावास्या आली की हे पिशवी भरायला घेतात. "अवसेला कुठं निघालास रं?" असं सासूबाई दरवेळी विचारतात आणि हे दरवेळी न ऐकल्यासारखं करतात.

सासूबाई माहेरच्या अणदूरच्या, खंडोबाच्या गावच्या. मी तोंड फुगवून बसले की माझी समजूत काढतात, "गप गं. आमच्या खंडोबाला बी दोन हायेत." असू देत. पण बाणाई निदान डोळ्यांना दिसत तरी होती. हिला नीट बघायला भिंग लागतं, आणि भिंगातून बघितलं तरी तोंड सापडत नाही, कारण ते पोटाच्या मधोमध असतं. खायचंही तिथूनच आणि टाकायचंही तिथूनच. असल्या बाईत माणसानं काय बघावं?

एकदा हट्टानं मीही सोबत गेले. कमरेत वाकून यांनी एक दगड उलटला, अगदी झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तसा. बोटांनी उचललं तर ती फाटते, म्हणून रंगाच्या ब्रशनं तिला अलगद उचललं, बाटलीत सोडलं आणि दगड होता तसा परत ठेवला. तेवढ्यात शेवाळावरून माझा पाय सटकला आणि मी पाण्यात बसकण मारली. हे ओरडले, "हलू नकोस, पाणी गढूळ होतंय!" लागलं का, असं विचारलं ते संध्याकाळी, जेवताना. त्या दिवशी मला त्या ब्रशचासुद्धा हेवा वाटला.

येताना हे समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणतात. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. आम्ही भांडी घासायचं पाणी झाडांना घालतो, आणि हिचे कॅन मात्र न्हाणीत तोंडापर्यंत भरलेले. एका सकाळी सासूबाईंनी त्यातलं तांब्याभर घेऊन चूळ भरली. "ईऽऽ! बोअरला लईच खारं पानी लागलंय गं!" मी पदर तोंडाला लावून हसले. हे मात्र धावत आले. "आई, त्यांचं पाणी आहे ते!" त्यांचं! मला बोलवताना 'अगं' आणि 'ऐकलं का', आणि किड्यांना अहोजाहो.

मला नावानं हाक मारायची या घराला सवयच नाही. त्याची एक गोष्ट आहे. माझं माहेरचं नाव आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव एकच होतं. एका घरात एका नावाच्या दोघी नसाव्यात, म्हणून सासूबाईंनी लग्नात नवं नाव काढलं आणि यांनी ते ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलं. कागदोपत्री ते चिकटलं, पण त्या नावानं हाक कुणीच मारली नाही. जाऊबाईंनाही सगळे 'वहिनी'च म्हणायचे, त्यामुळं त्या जुन्या नावानं हाक मारणारे एकटे माझे वडील. कळंबच्या मोंढ्यातला धान्यबाजार आटोपून घरी येताना ते गल्लीच्या तोंडापासूनच माझ्या नावाचा पुकारा करायचे. ते गेले आणि ती हाकही गेली.

यंदा यांच्या बाटलीतली एक निघाली अगदी नवी. प्रजाती जुनीच, म्हणजे घराणं तेच, पण त्यातली ही जात आजवर कुणी न नोंदवलेली. ज्यानं शोधली त्यानं नाव द्यायचं, अशी रीत आहे. हे आठवडाभर गालातल्या गालात हसत होते. मी विचारलं नाही. पण आस लागली, ती लागलीच. मी चहात दोन वेळा साखर विसरले.

शेवटी छापून आलं. मोबाईल माझ्यापुढं धरून हे म्हणाले, "वाच." प्रजातीचं नाव पुढं, आडनावासारखं, आणि त्यामागं माझं. माहेरचं. त्याला लॅटिनचं शेपूट जोडलेलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हेच का दिलंत?" मी विचारलं. वाटलं, आता तरी मनातलं काही बोलतील.

"मोकळंच होतं ना," हे म्हणाले. "कुणी वापरत नव्हतं."

तरीही मी हरखले होते, खोटं कशाला बोलू? कळंबला भावाला फोन केला, शेजारी पेढे दिले.

मग परवा संध्याकाळी मी कणीक मळत होते. सासूबाई दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीतून यांचा आवाज आला. माझं नाव, शेपटाशिवाय, सावकाश आणि इतक्या मायेनं घेतलेलं, की वडिलांनंतर तसं कुणी घेतलं नव्हतं. हात कणकेत तसेच ठेवून मी ओरडले, "आले!" आणि खरोखरच धावत गेले.

यांच्या कानाला फोन होता. कोकणातल्या कुठल्यातरी सरांशी बोलत होते. फोनवर तळवा ठेवून म्हणाले, "तुला नाही गं," आणि हातानंच मला जा म्हणून खुणावलं.

मी माघारी आले. सासूबाईंनी मान वर केली नाही, लसूण सोलता सोलताच म्हणाल्या, "म्हनून तर म्या म्हनलं व्हतं. एका घरात एका नावाच्या दोघी नसाव्यात."