आईचा समाचार

आमची बैलगाडी तलवाड्याची वेस ओलांडून जालन्याच्या वाटेला लागली, तरी आबा गोठ्यातून बाहेर आलेच नाहीत. विधवा लेक माहेरी बसायचं सोडून हैद्राबादेला नर्सिंग शिकायला निघाली, हे त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. "परक्यांचं गू-मूत काढाया चाललीस! आमी काय उपाशी ठेवलं व्हतं?" असं ते म्हणाले होते. आई एवढंच म्हणाली, "जाऊ द्या तिला. हितं बसून काय भिंती मोजील?"

हैद्राबादेत मी दख्खनी शिकले, चपला घालून वडीलधाऱ्यांसमोर उभं राहायला शिकले. वॉर्डात मडमबाईंचा एकच धोशा असायचा. मरीज एका कुशीवर फार वेळ ठेवू नका, सांधे हलते ठेवा, दिवसा उजेडात बसवा म्हणजे रात्री झोप लागते. एवढ्याशा गोष्टीला शिकवणी कशाला, असं मला वाटे.

मग घरून सांगावा आला. आईला लकवा झाला होता. मी रुखसत, म्हणजे रजा, घेऊन धावले. तिची उजवी बाजू गेली होती. "वारं हाय, हलवू नका" म्हणून सगळ्यांनी तिला अंधाऱ्या खोलीत उताणं निजवलं होतं, आणि कमरेखालची कातडी लाल झाली होती. त्यात आपली समाचाराची रीत! शेतावरून परतलेलं गाव दिवेलागणीला येणार आणि तिचा जरा डोळा लागला की खांदा हलवून विचारणार, "वळखलं का मला?" बिचारी "हं" म्हणायची. न ओळखून सांगते कुणाला! दिवसभर पेंगायची, रात्रभर टक्क जागी.

मला रडू नाही, राग आला. सकाळी तिची बाज ओसरीवर आणली. आबा ओरडले, "मारतीस का तिला?"

"मरणाराला हलवू नये, आबा. ही जगणारी हाय."

बोलले खरी, पण रुखसत थोडी, आणि आई अंगानं दांडगी. माझ्यामागं घरात बाईमाणूस एकटी वहिनी, तिला ती वळवता येईना. मी गेल्यावर आई पुन्हा त्याच खोलीत जाणार, या भीतीनं जेवण जाईना. समाचार मोडावा तर गाव रुसणार. म्हणून मी तो मोडला नाही, कामाला लावला. शेतावर जाणाऱ्यांनी सकाळी यायचं, म्हाताऱ्यांनी दुपारी, आणि नुसतं तोंड नाही, हात घेऊन यायचं. कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवायची, गेलेला हात खाली आधार देऊन हळूहळू फिरवायचा, ओढायचा नाही. शेजारच्या सखूकाकू आधी सगळ्यांत जास्त रडायच्या. आता त्याच दरडावू लागल्या, "ऊठ की गं, नांदाया आलीस का निजाया?" आई हसली. वाकडं हसली, पण हसली. आणि दिवेलागणीला आबाच दारात बसून आल्यागेल्याला परत पाठवू लागले.

मी निघाले त्या सकाळी आई वहिनी आणि काकूंच्या आधारानं उभी राहिली. तिचे पाय लटपटले. मी धरायला धावले, तर काकूंनी मला कोपरानं बाजूला सारलं. "व्हय बाजूला. आमचं रोजचंच हाय."

लागलं मला ते, खोटं कशाला बोलू? मागं राहिलेल्या माझ्या बायांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आपल्यावाचून जिथं अडतं ते घर, असं आपण धरून चालतो. आईला त्या दोघींच्या हातात उभी बघून मी गाडीत चढले. माझ्यावाचून जिथं आता अडत नाही, तेच माझं घर.