रूकीला बेंच, सुनेला मोदकपात्र

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं!

शिकागोजवळ नेपरव्हिलला जोशीकाकांकडे गणपतीला गेलो होतो. आरतीला वेळ होता, म्हणून सगळे टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघत बसलो. नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत आधी उचललेला आमच्या टीमचा रूकी, म्हणजे अगदी नवखा क्वार्टरबॅक (सगळा खेळ चालवणारा) पहिल्याच मॅचमध्ये सपाटून मार खात होता.

काका भडकले, “अरे, वर्षभर बेंचवर बसवा त्याला! आधी बघू दे, शिकू दे!”

तेवढ्यात किचनमधून काकूंचा आवाज आला, “सूनबाईंचे मोदक परत फुटले!”

मृणाल नुकतीच लग्न होऊन नागपूरहून आलीय. तिच्या माहेरी उकडीचे मोदक कधी केलेच नाहीत.

तेच काका म्हणाले, “एवढंही जमत नाही?”

मृणाल पिठाच्या हातांनी बाहेर आली. “बाबा, मलाही वर्षभर बेंचवर बसवा ना.”

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तुमच्या घरी नव्या सुनेचं काय करतात, यार?