कोरड्या बोडीतली मरळ

वरठी स्टेशनवर उतरलो तेव्हा वैशाख असा पेटला होता की फलाटावरच्या कुत्र्याची सावलीसुद्धा त्याला सोडून बाकाखाली जाऊन बसली होती. तिथून एस.टी.नं साकोली. त्या गाडीनं माझी हाडं इतकी सुटी केली की उतरल्यावर चार हाडं शेजाऱ्याची निघाली. पुढे एकोडीपर्यंत सायकलच्या कॅरिअरवर बसून गेलो.

निघालो होतो मात्र एका मरणाऱ्या माणसाला भेटायला. सुखदेव हा नागपूरच्या कॉलेजातला माझ्या खोलीतला मित्र, पुढे गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. घशात गाठ झाली होती. डॉक्टरांनी ‘घरी न्या’ एवढंच सांगितलं होतं.

ओसरीतल्या बाजेची सुतळी त्याच्यापेक्षा जाड होती. आवाज कुजबुजीएवढा उरलेला.

“आलास? मले एक मरळ पायजे.”

“या उन्हात मासे खाणार?”

“खायले नाही रे. पायले.”

घरामागे त्याची बोडी (शेताला पाणी पुरवणारं लहान तळं) होती. तिला नाला जुळलेला नाही, कालवा नाही. उन्हाळ्यात ती तडकून जाते, आणि पावसाळा लागला की तिच्यात मरळ मासे दिसू लागतात. गाव म्हणतं, पावसाबरोबर आभाळातून पडतात. सुखदेव म्हणायचा, गाळात निजून राहतात. दर उन्हाळ्यात तो खोदायचा आणि रिकाम्या हातानं परतायचा. शाळेतली पोरं विचारायची, “गुरुजी, पायली का?” तो म्हणायचा, “नाही. म्हनून तर मजा हाये.”

आता त्याच्याजवळ हा एकच उन्हाळा होता, आणि तोही पुरा नव्हता.

वहिनींनी मला भात आणि लाखोळीचं वरण वाढलं. त्याला पातळ पेज. एकेक घोट गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं. मी ताटाकडे बघत जेवलो.

सकाळी टिकास (कुदळ) घेऊन बोडीत उतरलो. भेगा अशा, की एकीत माझा पाय गेला तो पाताळात कुणाच्या तरी डोक्यावर टेकला. मधोमध दुपारपर्यंत खोदलं. शिंपले निघाले, एक फुटकी बांगडी निघाली. मासा नाही.

परसात वहिनी उभ्या होत्या. “नाही ना सापडली? सापडली म्हनून सांगून द्या, भाऊजी. तुमाले काय जड हाये? आमच्या लग्नात तुमी नागपूरपासून वाघ मांगं लागला म्हनून सांगत होते. सुखानं तरी जातील.”

मी सांगितलं. हातभर मरळ, नुसती चमकत होती.

“तोंड कोनीकडे होतं तिचं?” सुखदेवनं विचारलं.

“माझ्याकडे. रागानं बघत होती.”

“भवतालचा गाळ वला का सुका?”

मी नखांतली कोरडी माती काढू लागलो. तो हसला, आणि हसणं दुखल्यामुळे बराच वेळ गळा धरून पडून राहिला. वहिनी आत निघून गेल्या.

“नाही सापडली,” मी म्हणालो.

“मंग असं सांग ना. मधात नाही. मधातला गाळ ऊन सुकवून टाकते. तर मंग रायते कुठं?” त्याचे डोळे एकदम वर्गात उभ्या असलेल्या मास्तराचे झाले. “पारीच्या (बांधाच्या) पोटाशी पळसाची सावली हाये. तिथं खांद. उद्या.”

त्या संध्याकाळी त्यानं पेज मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी खोदायला गेलो नाही. सकाळी उठलो तेव्हा तो गेलेला होता.

राख सावडून आलो त्या दिवशी मी टिकास उचललं. कुणी हटकलं नाही. पळसाखाली कमरेइतकं खोदल्यावर काळा, ओला गाळ लागला. त्यात मुठीएवढी रुंद, खोल पोकळी, आणि पोकळीत काहीतरी हललं.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी मान वर केली.

“तोंड कोनीकडे होतं?”

“वर. भोकाकडे.”

“गाळ?”

“ओला.”

त्या उठल्या. “चला. दाखवा.”

आम्ही वाकून पाहिलं. मग वहिनींनी आपल्या हातांनी ओला गाळ तिच्यावर परत लोटला, वर श्वासापुरतं भोक तेवढं ठेवलं.

परतताना वरठीच्या फलाटावर शेजारच्या माणसानं मी कुठून आलो ते ऐकून विचारलं, “एकोडीले काय पायलं जी?”

“एक मरळ.”

“केवढी?”

सवयीनं दोन्ही हात पसरले होते. ते मी जवळ आणत गेलो, वीतभर अंतर उरेपर्यंत.